चाक धरून बसलेल्याला नारळ

माझा विश्वास डळमळला होता, हे आधीच सांगून टाकते. लोक आपले अनुभव सांगतात तेव्हा त्यांची श्रद्धा कशी पक्की असते. माझी त्या वर्षी पार पातळ ताकासारखी झाली होती. बहात्तर साल संपत आलं होतं, दुष्काळाचं. नगरात नळाला पाणी येईल तेव्हा येई आणि आल्याबरोबर नळावर भांडणं पेटत. मी मुलींच्या एका शाळेत शिपाईण होते. आमचे हे लष्कराच्या कॅम्पात माळीकाम करायचे, आणि त्या साली माळ्याला काम काय, तर वाळलेली झाडं उपटायची! पण पाण्याचं दुःख सगळ्यांचं होतं, त्याला सोबत होती. माझं दुःख घरात भिंतीला टेकून बसलं होतं.

माझी एकुलती एक लेक, कमल, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. नाकाची शेंडी, हनुवटी, सगळी कमलची. मी तर शाळेत घंटा द्यायच्याऐवजी दारात उभी राहून बाईंनाच नातीचं कौतुक सांगत बसायचे. आमच्या वस्तीत इतर घरी पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, म्हणून पाटावरवंटा मांडून तिची पूजा करतात. आमच्या घरात दीक्षा घेतल्यापासून ते बंद. सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. पाचव्या दिवशी कमल हळूच म्हणाली, "आई, नुसता पाटा मांडला तर? समद्या करत्यात." मी फिस्कारले, "बुद्धाच्या घरात सटवाई? गप पड बाई तू." पोरगी गप पडली. पुढच्या काही दिवसांत बाळ तापलं, अंगावर प्यायचं सोडलं, आणि डॉक्टरला आणायला हे सायकल घेऊन निघाले तोवर सगळं आटोपलं होतं. बारसंसुद्धा व्हायचं होतं अजून.

गावाकडून माझ्या थोरल्या जाऊबाई भेटायला आल्या. मायेनं आल्या, त्यात खोट नाही. रडल्या, कमलच्या पाठीवरून हात फिरवला, आणि उठता उठता बोलून गेल्या, "सटवाईला इचारलंच न्हाई तुमी, मग तिनं तरी काय लिव्हावं? कोपली ती." झालं! तेव्हापासून कमलचं तोंड मिटलं. रडली नाही, बोलली नाही. घास भरवला तर एखादा गिळायची, नाहीतर तो तसाच गालात. दूध मात्र येत होतं, चोळी भिजायची आणि ती त्या ओल्या चोळीनं बसून राहायची. जावई आले, बिचारे उंबऱ्यातच रडले आणि परत गेले. डॉक्टर म्हणाले, शरीराला आजार काही नाही, पण ही अशीच राहिली तर हिचं काही खरं नाही. मी संध्याकाळी बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायचे आणि मनात मात्र एकच यायचं, जाऊबाई म्हणतात ते खरं असलं तर? माझ्या हट्टापायी तर नाही ना गेलं ते लेकरू?

आमच्या शाळेच्या भिंतीला लागून थंडीत तिबेटी लोक स्वेटर विकायला बसायचे. कर्नाटकात त्यांची छावणी होती, तिथून यायचे. त्यात एक पन्नाशीची बाई होती, डोलमा. गालांवर लाली, केसांच्या दोन वेण्या, आणि मराठी तेवढीच येणारी, "घ्या घ्या, गरम हाय, धुवा, काय होत न्हाई!" पोरी तिची नक्कल करायच्या, तर ती पोरींची नक्कल करायची. मधल्या सुट्टीत मी तिला शाळेतला चहा नेऊन द्यायचे. तिच्या दुकानाच्या मागच्या बाजूला कापडावर रंगवलेलं एक चित्र टांगलेलं असायचं. मोठं चाक, त्याचे खण पाडलेले, आणि ते चाक दातांत आणि नखांत धरून उभा एक अक्राळविक्राळ. तीन डोळे, बाहेर आलेले सुळे, डोक्यावर कवट्यांचा मुकुट. रोज बघत होते, पण त्या दिवसांत ते चित्र मला वेगळंच दिसायला लागलं.

आता माझी अक्कल ऐका. मला वाटलं, चाकावर माणसं काढलीत, जन्म काढलेत, मरण काढलंय, म्हणजे हा यांचा नशीब लिहिणारा. यांची सटवाईच! आणि हे लोक तर बौद्ध, आपल्याही आधीपासूनचे. मग यांच्या देवाला एक नारळ वाहिला तर आपलं व्रत कुठं मोडतं? जुन्या देवांना हात जोडायचे नाहीत असं ठरलंय, हा तर आपल्याच घरातला! वकिलाला सुचणार नाही असा मुद्दा मला सुचला. ह्यांना काही बोलले नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या बेताला नारळ, लिंबू आणि माझ्या कुंकवाची डबी पदराखाली घेऊन मी तिच्या दुकानापुढे गेले. डोलमा गिऱ्हाइकाला मापाचा स्वेटर शोधून देत होती. मी सरळ मागं शिरले, दगडावर नारळ फोडला, त्या सुळेवाल्याच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि डोळे मिटून म्हटलं, बाबा, जी गेली ती गेली, माझी कमल तेवढी सोड. डोळ्यांतून धारा लागल्या. मागून डोलमा ओरडली, "अरे अम्मा, क्या करती!" तेवढ्यात शाळेतून मला हाक आली आणि मी नारळ तिथंच टाकून पळाले.

घरी आले. कमल तिथंच, तशीच. मी तिच्याकडे बघत राहिले, की आता तरी मान वर करील. तिनं केली नाही. रविवार उजाडला, तरी काही नाही. जुने देव गेले, बुद्धांपुढे मन लागेना, आणि परक्याच्या देवाला नारळ देऊन बसले, त्यानंही ऐकलं नाही. आता मागायला कुणी उरलंच नाही. मी कमलच्या शेजारी, तिच्यासारखीच, भिंतीला टेकून बसले. पहिल्यांदाच मी तिला "खा" म्हटलं नाही, "बोल" म्हटलं नाही. काही मागितलंच नाही कुणाकडे.

दुपार होती. दाराशी सावली पडली आणि आवाज आला, "अम्मा?" बघते तो डोलमा! शाळेच्या वॉचमनला विचारत विचारत आमच्या गल्लीपर्यंत आलेली. एका हातात माझ्या नारळाच्या दोन वाट्या, रुमालात बांधलेल्या, आणि काखेत गुंडाळी केलेलं ते चित्र. मी तिला कमलबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. आत आल्यावर तिनं कमलकडे बघितलं, ओल्या चोळीकडे बघितलं, कोपऱ्यात सोडून ठेवलेल्या झोळीच्या दोरीकडे बघितलं. मग काही न विचारता कमलच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि चित्र उलगडलं. सुळेवाल्याच्या कपाळावर माझं कुंकू तसंच होतं.

ती मला म्हणाली, "अम्मा, ये भगवान नहीं. ये मौत है. काल." मला वाटलं धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं! मी मरणालाच नारळ वाहिला होता. डोलमा मात्र हसायला लागली. कमलच्या गुडघ्यावर हात आपटून तिला सांगायला लागली, "तेरी माँ! मौत को टीका लगाया! मौत को नारियल! नींबू भी!" आणि माझी नक्कल केली, डोळे गच्च मिटून, हात जोडून, ओठ थरथरवत, अगदी हुबेहूब. मी शरमेनं पदर तोंडाला लावला. आणि कमल हसली. खोटं नाही सांगत. आधी नाकातून नुसता वारा आला, मग खांदे हलले, मग तिच्या तोंडून शब्द आले, "आई... लिंबू बी?"

इतक्या दिवसांनंतरचे तिचे पहिले शब्द ते. मी म्हटलं, "व्हय गं बाई, लिंबू बी." आणि मग आम्ही तिघी हसलो. नुकतंच लेकरू गेलेल्या घरात असं हसू नये, पण हसलो.

डोलमा मग एकेक चित्र दाखवत गेली. मधोमध कोंबडा, साप आणि डुक्कर एकमेकांची शेपटी धरून फिरत होते. हाव, द्वेष आणि न समजणं, असं तिनं छातीवर हात ठेवून खुणेनं सांगितलं. सगळं चाक त्यांच्यामुळं फिरतं. कडेला एक आंधळा काठी टेकत चाललेला, एक कुंभार, एक नाव, झाडावर फळ तोडणारं माणूस. कमलचं बोट तिच्या बोटामागून फिरत होतं. शेवटाला एक बाळंत होणारी बाई होती, आणि तिला लागूनच पुढचं चित्र, पाठीवर मढं वाहून नेणारा माणूस. कमलचं बोट तिथं थांबलं. म्हणाली, "इतकं शेजारी हाय का हे?" डोलमाला शब्द कळले नसतील, बोट कळलं. तिनं मान हलवली आणि त्या सुळेवाल्याकडे हात केला, "सबको पकड़ा. राजा, कुत्ता, मैं, तू. छोटा बच्चा भी. गुस्सा नहीं. किसी पर गुस्सा नहीं."

कमलनं माझ्याकडे बघितलं. पार लहानपणी बघायची तसं. "आई, म्हंजे माझ्यावर कुनी कोपलं न्हाई? पाचवी न्हाई केली म्हनून न्हाई गेली ती?" डोलमाला एवढी मराठी येत नव्हती. उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि माझ्या स्वतःच्या मनातही तोच काटा रुतलेला. त्या चित्राकडे बघता बघता तो कधी निघाला मला कळलं नाही. मी म्हटलं, "न्हाई गं माझ्या राणी. कुनी कोपलं न्हाई. तुझं काय चुकलं न्हाई, माझंबी न्हाई. लेकरू आजारी पडलं आन् गेलं." बोलून झालं तेव्हा समजलं की मी हे मनापासून बोलले.

मग कमल रडली. गळा काढून रडली. शेजारच्या बाया दाराशी आल्या, मी त्यांना हातानंच थांबवलं. डोलमानं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि काहीतरी आपल्या भाषेत पुटपुटत तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. हुंदके ओसरल्यावर तिनं पुन्हा चित्र पुढं ओढलं. चाकाच्या प्रत्येक खणात एकेक छोटे बुद्ध उभे होते, मी इतके दिवस बघून मला दिसले नव्हते. पोट सुटलेल्या, सुईएवढ्या घशाच्या भुकेल्या जिवांच्या खणातही होते, हातात त्यांच्यासाठी अन्न घेऊन. आगीच्या खणातही होते. आणि चाकाच्या बाहेर, वर कोपऱ्यात, आणखी एक बुद्ध उभे, हात लांब करून काही दाखवत असलेले. "चाँद," डोलमा म्हणाली. "पूरा चाँद. वहाँ ये नहीं पकड़ सकता."

कमलनं त्या गोल पांढऱ्या चंद्राच्या कडेनं बोट फिरवलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, म्या तिचं नाव ठेवलं हुतं. मनात. बारशाच्या आदी कुनाला सांगायचं नसतं म्हनून बोलले न्हाई." मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "पौर्णिमा."

हा योगायोग म्हणा, काही म्हणा, मी कुणाशी वाद घालत नाही. मी डोलमाला हिंदीत सांगितलं, बच्ची का नाम, आणि चंद्रावर बोट ठेवलं. तिचे हसरे गाल एकदम शांत झाले. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि ते नाव तिच्या बोबड्या उच्चारात घेतलं. मग मी घेतलं. मग कमलनं, मोठ्यानं. जिचं बारसं झालं नव्हतं, तिला नाव मिळालं. थोड्या वेळानं कमल म्हणाली, "आई, भाकरी हाय का?" मी इतक्या घाईनं उठले की पदर पायात येऊन पडता पडता वाचले.

मकर संक्रांत झाली, थंडी सरली आणि ते तिबेटी लोक गेले. पुढच्या वर्षी त्या भिंतीशी दुसरीच माणसं बसली. डोलमा कुठं असेल ठाऊक नाही. जिथं असेल तिथं सुखात असो. सरणं गच्छामि, सरणं गच्छामि असं मी कितीतरी वर्षं तोंडानं म्हणत होते आणि मनात मात्र घासाघीस चालू असायची, हे घे आणि ते दे. त्या रविवारी माझ्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं, मागायला तोंड उरलं नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी माझ्या दारात येऊन उभं राहिलं. दर पौर्णिमेला आम्ही मायलेकी, मी नगरात आणि ती तिच्या घरी, आपापल्या अंगणात उभ्या राहतो. दोघी मागत काही नाही. वर बघतो, आणि नातीला नावानं हाक मारतो.