खनूनचे पाय

आमच्या थोनबुरीच्या गल्लीत थविनकाकांइतका एकटा माणूस दुसरा नव्हता. बायको गेली, होडी विकली, मागे उरली ती आखूड पायांची लांबुडकी कुत्री, खनून. खनून म्हणजे फणस. "आज जेवायला काय करू गं, फणसाबाई?" असं काका तिला विचारत आणि खरंच उत्तराची वाट बघत. मला हसू यायचं. तशी मीही एकटीच राहते, पण मी निदान भिंतींशी भांडते!

एका सकाळी खनूनचे मागचे पाय लुळे पडले. पाठीतली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. प्राण्यांच्या इस्पितळात ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफी करायचं काम माझं, म्हणून काका तिला उचलून थेट माझ्याकडेच आले.

"चालेल ना गं ती?"

"मी काय देव आहे? तासाभराचं काम. गप बसा इथे."

रत्तना डॉक्टरांनी मणक्याचं हाड कोरून गादीचा चुरा काढला. मी जखमेत सलाइन भरलं, बुडबुडे जाऊ दिले, कारण हवा राहिली की पडद्यावर काही धड दिसत नाही. मग प्रोब टेकवला. मज्जारज्जूखाली पांढरा तुकडा!

"मेला अजून दडून बसलाय," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा कोरणं, पुन्हा सलाइन, पुन्हा बघणं. तास कधीच उलटून गेला. शेवटी मज्जारज्जू मोकळा दिसला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आले तर काका अंगणातल्या देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकून. उशीर झाला तसा त्यांचा धीर सुटला होता. "नवस बोललो," म्हणाले. "ती चालली, तर वर्षावासाचे तीन महिने भिक्खूचं चीवर घालून विहारात राहीन."

"अहो काका! सगळ्यांसारखी उकडलेली अंडी बोलायची, लाल सरबत बोलायचं! आणि हिला कोण सांभाळणार?"

 हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "दुसरं द्यायला होतं काय माझ्याकडे?" एवढंच म्हणाले.

खनून चालली. आधी धडपडत, मग डुलत, पण चालली. काकांनी मुंडण केलं आणि खनून माझ्या घरी आली.

आता पहाटे भिक्खू भिक्षेला येतात. मी भात घेऊन दारात बसते. काकांची पावलं ओळखून खनून शेपटी हलवत पुढे धावते. त्या विहाराच्या थोरल्या भिक्खूंची शिस्त कडक. मादी असेल तर जनावरालासुद्धा हात लावायचा नाही. काका पात्र धरून उभे राहतात, नजर खाली, तिच्या मागच्या पायांवर.

"भन्ते, डावा अजून जरा ओढते," मी सांगते.

ते मान हलवतात. आशीर्वादाचे शब्द म्हणताना त्यांचा आवाज चिरकतो. मग रांग पुढे सरकते आणि खनून त्यांच्या मागोमाग गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाते. ते वळून बघत नाहीत. रोज मीच जाऊन तिला उचलून आणते, आणि रोज वाटेत मला रडू येतं.