तारेचं दुसरं टोक

"काट्यावर किटली न्हाई, अन् बोर्डावर नऊ लिटर कुठनं आलं?"

दूध घालायला आलेले बबनराव खिडकीतून आत बोट दाखवून विचारत होते. मी अजून बॅगही खाली ठेवली नव्हती. संगीता, डेअरीची सचिव, काट्यापाशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि दुधाची रांग तिच्याकडे.

मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. इलेक्ट्रॉनिक काटे बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हे काम. स्वभावाने संशयी. घरी हा दुर्गुण समजतात, नोकरीत मात्र त्याचाच पगार मिळायचा. गोष्ट दोन हजार सालानंतरची. गाव बेल्ह्याच्या बाजूचं, पण नाव सांगत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून तिथेच दूध घालतात.

डेअरीत आत काटा होता आणि बाहेर खिडकीवर लाल आकड्यांचा मोठा बोर्ड, म्हणजे दूध घालणाऱ्याला आपला आकडा दिसावा. दोन्हींच्या मधे पूर्वी सिरीयल केबल होती. काट्याने मोजलेला आकडा त्या तारेतून बोर्डापर्यंत जायचा. पण डेअरीत दोन वेळा पाणी मारून फरशी धुतात. कनेक्टर हिरवे पडायचे, उरलेलं काम उंदीर करायचे. संगीतानेच कमिटीच्या मागे लागून तार काढायला लावली. आम्ही दोन टोकांना दोन रेडिओ मॉड्यूल बसवले, काडेपेटीएवढ्या डब्या. एक बोलते, दुसरी ऐकते. काट्याला वाटतं मधे तारच आहे, बोर्डालाही तसंच वाटतं. गावाला मात्र तसं वाटत नव्हतं.

बोर्डावरचा आकडा मधेच उडायचा. सात लिटर चालू असताना क्षणभर नऊ दिसायचे. पावती काट्यावरून निघायची, ती सातचीच यायची. मग वरचे दोन लिटर संगीताने खाल्ले, असा सरळ हिशेब. बोर्डावर कमी दिसलं म्हणून मात्र एकाचीही तक्रार नव्हती. हे मी मनात टिपून ठेवलं.

शनिवारी तिला काढून टाकायला कमिटी बसणार होती.

"काम गेलं तर जाऊ द्या, मॅडम," ती हळूच म्हणाली. "पर चोर म्हनून गेलं तर? मला हितंच ऱ्हायचंय."

खरं सांगायचं तर मलाही पहिला संशय तिचाच आला. काटा उघडून कुणी आत हात घातलाय का, हे आधी पाहिलं. सील जागेवर होतं. बबनराव रोज घरून पाच किलोचं लोखंडी माप पिशवीत घालून आणायचे आणि दूध घालण्याआधी ते काट्यावर ठेवायचे. मी ते माप मागून घेतलं, काट्यावर ठेवलं. काट्यावर पाच. बोर्डावरही पाच. मग साडेसहा, आणि पुन्हा पाच.

"दिसलं का?" बबनराव म्हणाले. "त्या खोडदच्या तबकड्या हायेत ना, त्याच वढत असत्याल आकडा."

"बबनराव, ती रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशातलं नुसतं ऐकते, स्वतः काही बोलत नाही."

"मंग ऐकून कुनाला सांगती?"

मी काट्याचा प्लगच काढला. आता बोर्ड गप्प व्हायला हवा होता. तो झाला नाही. आकडा वर चढला, थांबला, शून्यावर आला, पुन्हा चढला. कुणीतरी एकामागून एक किटल्या ठेवतंय, अशी ती चाल होती.

संगीता मोठ्याने म्हणाली, "बगा सगळ्यांनी. माझा काटा बंद हाय."

ती सुटली, असं मला वाटलं. पण रांगेत कुणी मागून म्हणालं, "तुमची कंपनी, तुमची डबी. तुमी दोगी मिळून करत असाल." म्हणजे आता मीही चोर. मला राग आला, पण त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

डेअरीच्या फोनवरून बॉसना विचारलं, "सर, या गावात आपल्या डब्यांचा दुसरा सेट गेलाय?"

"रेकॉर्ड बघावं लागेल."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"मंचरच्या डीलरने एक नेलाय. कस्टमरचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलंय."

"चॅनेल बदलून दिला होता?"

"तुम्ही तुमचं साइटचं बघा ना, मॅडम." फोन बंद.

चॅनेल म्हणजे रेडिओवरचं स्टेशन समजा. कारखान्यातून सगळ्या डब्या एकाच स्टेशनवर लावून येतात. जवळपास दोन जोड्या असल्या, तर एकीचं स्टेशन बदलावं लागतं. नाहीतर या काट्याचं त्या बोर्डाला ऐकू जातं.

मी बोर्ड डबीसकट खाली काढला आणि माझ्याजवळच्या बॅटरीला जोडला; दुसऱ्या काट्याच्या जितकं जवळ जाऊ, तितका आकडा स्थिर दिसणार होता. बोर्ड उचलायला बबनराव पुढे आले. मदत म्हणून नव्हे, माझ्या हातात द्यायला मन होईना म्हणून. आम्ही गल्लीतून निघालो. पुढे बोर्ड धरलेले बबनराव, बाजूला बॅटरी घेऊन मी, मागे संगीता आणि अर्धी रांग. देवळाच्या पुढे गेलो तसा आकडा उडायचा थांबला. एका सुरात, ठळक दिसायला लागला.

समोर गावातली दुसरी डेअरी होती. तिच्या दारावर पाटी होती: 'आमचा काटा तारेवर चालतो.' तिथे एकीची किटली काट्यावर होती. वरच्या बोर्डावर जो आकडा, तोच बबनरावांच्या हातात.

तिथले चेअरमन अण्णा बाहेर आले. "काय पावणं, हिकडं कुठं?"

"तुमचा काटा कशावर चालतो, अण्णा?"

"तारंवर. ही काय, दिसतिया की."

तार दिसत होती खरी. बोर्डापासून भिंतीवरून, क्लिपा मारून, छान ताणून नेलेली. मी तिच्या मागोमाग कपाटापर्यंत गेले. कपाटामागे हात घालून जरा ओढली. दुसरं टोक हातात आलं. कापलेलं, वर टेप गुंडाळलेली.

रांगेतली एक बाई म्हणाली, "अण्णा, आमचा आकडा हालायचा तवा तुमी म्हनायचा, तार ढिली झाली. ती हीच का?"

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

मी संगीताच्या सेटचं चॅनेल बदललं. चहा होईपर्यंत काम झालं. शनिवारची मीटिंग भरली, पण तिचा विषय कुणी काढलाच नाही. माफीही कुणी मागितली नाही. त्याचं तिला वाईट वाटलं, आणि मला तिच्यापेक्षा जास्त.

पुढच्या सर्व्हिसला गेले तेव्हा अण्णांची तार पुन्हा कपाटामागे गेली होती. "लोकांना बरं वाटतं," ते म्हणाले. संगीताच्या खिडकीत बबनरावांचं माप ठेवलेलं होतं.

"इथेच ठेवता का आता?" मी बबनरावांना विचारलं.

"रोज उचलून आनायला लई जड जातंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ऱ्हाऊ दे तिच्यापाशी."

संगीता पावती फाडत होती. तिने मान वर केली नाही, पण माप जरा आत सरकवून ठेवलं.

नोकरीत नव्याने येणाऱ्यांना मी तेव्हापासून दोनच गोष्टी सांगते. चॅनेल बदलल्याशिवाय डबी बसवू नका. आणि तार दिसली, तरी एकदा ओढून बघा.