गव्हाला दिवेल लावणारी दोन माणसं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते घडियाळी पोळीत, जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत. एका गुजराती बेनच्या अगाशीवर, वर गच्चीत बसून तिच्या वर्षाच्या गव्हाला दिवेल लावलं. दिवेल म्हणजे एरंडेल. आमच्या बडोद्यात उन्हाळा आला की घरोघर वर्षाचा गहू भरतात. कीड लागू नये म्हणून दाण्यादाण्याला हे तेल चोळतात आणि मग गहू कोठीत ओततात. ते चोळायचं काम आम्ही करत होतो. मधे चादरीवर गव्हाचा ढीग, एका बाजूला माझी बायको, समोर मी.

"अहो, गहू आहे तो. कारखान्यातला बोल्ट नाही. किती रगडताय?"

"तुझ्या बाजूचा दाणा कोरडा राहिलाय, ते बघ आधी."

"माझा दाणा कोरडा आणि तुमची जीभ कोरडी. पाणी प्या आणि गप बसा."

मी पाणी प्यालो. गप बसलो नाही. संध्याकाळी कोठी भरून झाकण लावलं, बेनने थेपले बांधून दिले, येताना हिने गवार घेतली. पहाटे ती गेली. छातीला हात लावला, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटपलं होतं. त्या पहाटेबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही.

मला लिहायचं आहे ते पुढचं. कारण माझं डोकं फिरलेलं आहे आणि ते अजून जागेवर आलेलं नाही.

दिवस सगळे मुलाच्या घरी केले, सुभानपुऱ्यात. जुन्या शहरातल्या आमच्या दोन खोल्यांना कुलूप. मुलाच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून सतरंजी घातली आणि मला तिच्यावर बसवलं. माणसं येत होती, बसत होती, जात होती. त्यातली निम्मी एकच शब्द बोलून गेली. सुटली. बिचारी सुटली. माझी वहिनी तर माझ्यासमोर बसून दुसऱ्या बाईला सांगत होती, "काय हाल काढले हो तिने! लोकांच्या घरी गहू चोळत फिरायची. सुटली एकदाची."

कशातून सुटली? माझ्यातून? गव्हातून? जी बाई सकाळी माझ्याआधी चपला घालून दारात उभी राहून "चला की लवकर, उन्हं डोक्यावर येतील" म्हणून ओरडायची, ती कशातून सुटायला बघत होती, ते मला कोणी सांगावं. मी तेव्हा बोललो नाही. सुतकात भांडू नये म्हणतात. न भांडण्याचाही मला राग आहे.

आमचं घराणं मोठं. म्हणजे होतं. पणजोबा संस्थानात दप्तरदार, आजोबा खजिन्यात, वडील सरकारी कचेरीत, मोठा भाऊ बँकेत अधिकारी. मी सातवी नापास. घराण्याला हे गिळवलं नाही, पण मी कारखान्यात लागलो आणि पुढे पॅकिंगला सुपरवायझर झालो, तेव्हा थोडं गिळलं. सुपरवायझर हा शब्द चारचौघांत सांगता येतो. आमचा कारखाना औषधाच्या बाटल्यांची झाकणं करायचा. इतकी वर्षं मी झाकणं खोक्यात भरून घेतली, पण कोणत्या बाटलीला लागली, कोण ती बाटली प्यायलं, बरं झालं की मेलं, काही कळलं नाही. मग पन्नाशीच्या तोंडावर कारखाना बंद. गेटला नोटीस लावली आणि मालक सुरतेला निघून गेले.

भावाने मला मित्राच्या ऑफिसात चिकटवलं. दारापाशी खुर्ची. आलेल्या माणसाला "बसा" म्हणायचं आणि साहेब बोलावतील तोवर त्याच्याकडे बघत राहायचं. एवढंच काम. घोटून दाढी, इस्त्रीचा शर्ट. वहिनी सगळ्यांना सांगायची, "भाऊजी आता ऑफिसात असतात." मी ऑफिसात असायचो खरा. घड्याळही ऑफिसात असतं, पंखाही असतो. पण घड्याळ वेळ तरी दाखवतं.

ही आधीपासून शेजारच्या गुजराती बायकांबरोबर गव्हाच्या कामाला जायची. एकदा रविवारी गोणी वर चढवायला हमाल आला नाही. ती घरी येऊन म्हणाली, "चला, जरा हात द्या." मी गोणी पाठीवर घेऊन तीन जिने चढलो. वर घराची बेन होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ए भाई, नीचे बीजी बे छे, ए पण लई आव." मी खाली गेलो आणि आणखी दोन घेऊन आलो. मग बेनने ताक विचारलं, "छाश पीशो?" तेव्हा ही म्हणाली, "बेन, आ मारा मिस्टर छे." बेनने जीभ चावली, पदर डोक्यावर घेतला, माझ्यासाठी खुर्ची आणायला पळाली. ही हसता हसता जिन्यात बसली. "अहो, तुमच्यासाठी आणखी एक खुर्ची! नको म्हणा, नको म्हणा!"

मी नको म्हटलं. खाली चादरीवर बसलो आणि तिच्या समोर हात गव्हात घातले. गार दाणा, वर कोमट तेल, आणि हळूहळू सगळ्या ढिगाला चमक चढत जाते. संध्याकाळी कोठीचं झाकण लावलं तेव्हा मला कळलं की या घराची वर्षभराची पोळी आता इथे आहे आणि ती मी ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो नाही. नंतरही गेलो नाही. भाऊ आला, ओरडला, चहा पिऊन गेला.

लोकांना वाटतं माणूस खालचं काम धरतो ते नाइलाजाने. मला कसलाही नाइलाज नव्हता. खुर्ची होती की. मला ती नको होती. त्या कामाला लागल्यावर मला गाढ झोप लागायला लागली. कारखान्यात भेगाळलेले हात तेलाने मऊ झाले. ही म्हणायची, "तुमचे हात आता माणसात आले. बाकीचं कधी येणार?" उन्हाळाभर गहू, मग तूरडाळ, पावसाळ्याआधी तांदूळ. पोळींतून, सोसायट्यांतून सगळे आम्हाला ओळखायचे. मुलाच्या लग्नात मात्र मुलाने सासरी सांगितलं, "बाबांचा धान्याचा बिझनेस आहे." मी तोंड उघडणार होतो. हिने माझ्या पायावर पाय दिला आणि मुलाच्या सासूला म्हणाली, "हो, यांचा फार हात आहे धान्यात."

तर तेरावा झाला. गोडाचं जेवण झालं. बाहेरची माणसं गेली, घरचे राहिले. मी सूनबाईला म्हणालो, "उद्या मी खोलीवर जातो. गव्हाचे दिवस आहेत, लोक खोळंबले असतील."

सून मुलाकडे बघायला लागली. मुलगा भावाकडे.

मुलगा म्हणाला, "बाबा, कोणी खोळंबलं नाहीये. मी सगळ्यांना फोन करून सांगितलंय. तुम्ही आता येणार नाही म्हणून."

"तुला त्यांचे नंबर कुठले?"

"आईच्या फोनवरून केले."

मला आधी नीट समजलं नाही. मग समजलं. तिच्या फोनवरून. म्हणजे त्या प्रत्येक बाईच्या फोनवर तिचं नाव आलं असेल. कोणी पोळी लाटत असेल, कोणी दळण काढत असेल. फोन वाजला, नाव बघितलं, आणि एक क्षण त्या बाईला वाटलं असेल की अरे, ही आहे. आणि पलीकडून हा बोलला असेल, साहेबी आवाजात, की आमची सेवा बंद झाली आहे.

"तुझ्या फोनला काय झालं होतं?" मी विचारलं.

"बाबा, नंबर त्याच्यात होते, म्हणून..."

"कागदावर उतरून घेता येत नव्हते? तुला तर लिहिता येतं ना? तुझ्या शिक्षणाला तिने दिवेल चोळलंय."

सून म्हणाली, "बाबा, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं." त्याच्या मनात नव्हतं हे मला मान्य आहे. म्हणूनच जास्त राग आला. मनात असतं तर निदान मनात काहीतरी होतं असं झालं असतं.

भाऊ मधे पडला. "अरे, मुलगा तुझ्या भल्यासाठीच करतोय. खोली सोडून दे. इथे राहा. गॅलरी आहे, पेपर आहे. देवाचं नाव घे. आपले पणजोबा..."

"पणजोबा दप्तरदार होते, दादा. माहिती आहे मला. ते मेले. तू बँकेतून रिटायर झालास. मी अजून रिटायर झालेलो नाही, आणि मला कोणी केलेलं चालणार नाही."

"लोक काय म्हणतील मला?" आता मुलगा ओरडला. "आई गेली आणि बापाला परत मजुरीला पाठवलं म्हणतील!"

"लोकांना गहू लागतो रे. तुझं नाक कोणाला लागत नाही."

वहिनी म्हणाली, "दुःखाने बोलताहेत, सोडा." मी म्हणालो, "दुःखाने नाही वहिनी, रागाने बोलतोय. दुःखाचं तुम्ही बघा. सुटली म्हणून आनंदात आहात ना?" वहिनी रडायला लागली. तिला रडवलं याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मी हात पुढे केला. मुलाने फोन दिला. पण फोन घेऊन मी तरी काय करणार होतो? माझा स्वतःचा फोन नाही, आणि या फोनवरून फिरवला असता तरी पलीकडे तिचंच नाव येणार. एकदा झालं तेवढं पुरे. मी तो बंद केला आणि सूनबाईला सांगितलं, देवापाशी ठेव. दारोदार जाऊन तोंडाने सांगायचं, दुसरा रस्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन निघालो. खाली पार्किंगमध्ये टेम्पो उभा होता आणि तळमजल्यावरच्या बेनच्या दारात गव्हाच्या गोण्या उतरत होत्या. मी थांबलो.

"जय श्री कृष्ण, बेन. दिवेल कोण लावणार?"

"शोधुं छुं, काका. कोई मळतुं नथी. बधा कहे छे मशीनना घउं लई लो." सगळे तिला मशीनचा तयार गहू घ्यायला सांगत होते. मग ती थबकली. "तमे तो उपरवाळा साहेबना पप्पा ने? बेसणामां आवी हती हुं." दुखवट्याच्या बैठकीला ती येऊन गेली होती.

"हो. साहेबांचा बाप. गव्हाला दिवेल मी लावतो."

"तमे?" तिने माझ्या नुकत्याच मुंडन केलेल्या डोक्याकडे बघितलं. वर्षाचं धान्य, आणि घरातलं नुकतंच गेलेलं माणूस. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "काल तेरावा झाला. तुम्हाला चालत नसेल तर तसं सांगा, मी पुढे जातो. राग धरणार नाही." हे खोटं होतं, राग धरलाच असता.

तिने थोडा विचार केला आणि आत जाऊन चादर आणली.

ऊन लागणार नाही अशी जागा बघून मी पार्किंगमध्येच चादर घातली. गोणी सोडली, गहू पसरला, तेल गरम करून मागितलं आणि बसलो. समोर कोणी नव्हतं. एकट्याने हे काम कसं करायचं ते मी कधी शिकलोच नव्हतो. या बाजूचं झालं की उठायचं, फिरून पलीकडे जाऊन बसायचं, तिकडचं चोळायचं, परत उठायचं. गुडघे बोंब मारत होते. मारू दिली.

लिफ्ट आली. मुलगा ऑफिसच्या बॅगेसकट बाहेर पडला. वॉचमन बघत होता, शाळेची रिक्षा बघत होती, वरच्या गॅलरीतून दोन बायका बघत होत्या. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "बाबा, वर चला. प्लीज. इथे नको."

त्याचा बूट चादरीवर होता.

"पाय काढ," मी म्हणालो. "गहू आहे."

त्याने पाय मागे घेतला. मी उठून पलीकडे जाऊन बसलो आणि तेल ओतलं.