सदाशिव पेठेतली तिसरी बाटली

येरवड्याला ट्रॅव्हल्सची गाडी थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि वर्ध्यापासून मांडीवर घेतलेला स्टीलचा डबा मी एकदाही खाली ठेवला नव्हता. शेजारच्या मुलीने दोनदा विचारलं, "काकू, वर ठेवून देऊ का?" दोन्ही वेळा मी "नको" म्हटलं. माझी झोप झाली नाही, पण डबा सुखरूप होता.

डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या तीन बाटल्या होत्या. हळदीतला पिवळा अर्क काढायचा तर कारखान्यात अॅसिटोन वापरतात. ते पेट घेतं, डोकं दुखवतं आणि काम झाल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. मी चार वर्षं खटपट करून तोच अर्क साखर, सायट्रिक अॅसिड आणि पाणी यांच्या दाट पाकात काढला होता. निसर्गाला न दुखावता केलेल्या अशा कामाला हिरवं रसायनशास्त्र म्हणतात. माझा अर्क मात्र पिवळाधमक.

आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना माझी प्रयोगाची मागची खोली संगणकवर्गासाठी हवी होती. त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक आईबापाला आपलं पोर पुण्यात संगणकासमोर बसलेलं हवं आहे, हळद उकळणारं नको. मी भांड भांड भांडले, तेव्हा ते म्हणाले, "पुण्याच्या प्रयोगशाळेतून तीन बाटल्यांचे जुळणारे आकडे आणा, खोली तुमची." एकाच कृतीने तीनदा करून तीनदा तेच उत्तर आलं, तरच ती कृती आमच्या शास्त्रात खरी धरतात. मला खात्री होती. तशी ती मला नेहमीच असते, असं आमचे हे म्हणतात.

रिक्षावाल्याने डब्याकडे बघून विचारलं, "संत्री का?"

"वर्ध्याची हळद."

"वर्ध्याची हळद? कधी ऐकली नव्हती."

"आता ऐकलीत."

 नदी ओलांडली तसा रस्त्यावर स्कूटरींचा लोंढा लागला. चेहऱ्याला ओढण्या गुंडाळलेल्या मुली, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेली मुलं, आणि त्यांच्या मधूनच दुधाच्या पिशव्या घेऊन शांतपणे रस्ता ओलांडणारे निवृत्त लोक. सदाशिव पेठेत शिरलो तर दर दहा पावलांवर कसल्या ना कसल्या क्लासची पाटी. एका फाटकावर लिहिलं होतं, 'येथे गाडी लावल्यास हवा काढली जाईल. पंप मिळणार नाही.' ते वाचून प्रवासाचा शीण थोडा उतरला.

आमच्या ह्यांच्या मावशी इथे तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान, म्हणजे काका, शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. मावशींनी चहाबरोबर खमंग काकडी (काकडी कोचवून, दाण्याचं कूट घालून केलेली कोशिंबीर) आणि उपमा दिला. डबा फ्रीजमध्ये ठेवताना त्यांनी जरा घाबरून विचारलं, "अगं सुनंदा, हे विषारी वगैरे नाही ना? खाली कोथिंबीर आहे."

इथे माझी बढाई नडली. मी झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाले, "मावशी, साखर, लिंबाचं सत्त्व आणि हळद. खाल्लं तरी काही होणार नाही. तीच तर गंमत आहे माझ्या कामाची!"

मग अंघोळ करून मी प्रयोगशाळेत गेले. बाटलीत पिवळा अर्क किती उतरला ते मोजणाऱ्या यंत्रावर माझी वेळ दुसऱ्या दिवशीची होती, पण आधी तिथल्या डॉ. वैद्य बाईंना भेटायचं होतं. केस पांढरे, बोलणं मोजकं. माझी वही त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"काम स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण हे तुमच्या हाताला जमतं. दुसऱ्या जागी, दुसऱ्याच्या हातून जमतं का?"

"जमेल," मी म्हणाले.

"जमेल आणि जमलं यात फरक आहे."

हे वाक्य चघळतच मी दीडच्या सुमारास घरी परतले. काका जेवत होते. पानात पोळी, बटाट्याची भाजी आणि वाटीत काहीतरी पिवळं, दाट, चकचकीत. ओट्यावर माझी दोन नंबरची बाटली उघडी होती.

"सूनबाई," काका शेवटचा घास निपटत म्हणाले, "सुधारस उत्तम. पाकही बेताचा. फक्त तुमच्या वर्ध्याला केशर मिळत नाही असं दिसतं."

सुधारस म्हणजे साखरेच्या पाकात लिंबू पिळून, वर वेलची-केशर घालून केलेलं पोळीबरोबरचं तोंडीलावणं. पुण्यातल्या घराला साखर, लिंबू आणि पिवळा रंग एकत्र दिसले की दुसरं काही सुचणं अवघड. शिवाय सूनबाईने वर्ध्याहून मांडीवर धरून आणलेली बाटली. ती घरासाठी खाऊ नाही तर काय असणार?

मावशींचा चेहरा पडला. "अगं, तूच नाही का म्हणालीस, खाल्लं तरी चालतं?"

 तीनांतली एक गेली, म्हणजे माझी खोली गेली. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं, आणि राग तोही स्वतःवरचा. काका हात धुऊन आले आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यातली टोचणी गेली. "आता काय करायचं, सांगा. आमच्यामुळे झालंय."

तेव्हा मला वैद्य बाईंचा प्रश्न आठवला, 'दुसऱ्याच्या हातून जमतं का?' पिशवीत त्याच हळदीची एक पुडी होती, थर्मामीटर होता, गाळायचे कागद होते. साखर घरात, सायट्रिक अॅसिड वाण्याकडे. अडत होतं फक्त वजनावाचून, कारण मावशींचा स्वयंपाकघरातला काटा चार-पाच ग्रॅमना दाद देत नव्हता.

चार वाजता सराफाचं दुकान उघडल्याबरोबर मी पुड्या घेऊन उभी.

"बाई, इथे सोनं मोजतात," सराफ चष्म्यावरून म्हणाले.

"म्हणूनच आले. तुमच्याइतका चोख काटा पेठेत कुणाचा आहे?"

त्यांनी बटरपेपर पसरला. हळद, साखर, सायट्रिक अॅसिड, तिन्ही वजनं मिलिग्रॅमपर्यंत करून चिठ्ठीवर लिहिली, शिक्का मारला आणि म्हणाले, "काटा पुसायचं फडकं तेवढं आता फेकावं लागेल."

घरी येऊन मी स्टुलावर बसले आणि हात पदरात गुंडाळून घेतले. कशालाही हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. मी कृती वाचायची, काकांनी करायची. कुकरच्या भांड्यात गरम पाणी, त्यात पातेलं, पातेल्यात पाक, पाकात हळद. थर्मामीटर साठ अंशांवर राहील अशी मावशींनी गॅसची ज्योत सांभाळली. काका तासभर ताकाची रवी फिरवत राहिले.

"बत्तीस वर्षं मुलांना उठाबशा काढायला लावल्या," ते म्हणाले, "त्याचंच हे फळ असावं."

गाळायला पुढचे दोन तास गेले. ओटा, रवी, काकांचा सदरा, सगळं पिवळं झालं. बाटलीवर मी चिठ्ठी लावली: 'सदाशिव पेठ'. रात्री पिठलंभात जेवलो तेव्हा मावशींनी माझे तिन्ही नग स्वतः कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

सकाळी मी वैद्य बाईंना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. लपवून तिसरी बाटली पुढे करणं सोपं होतं, पण मग सगळ्या कामावरचा माझाच विश्वास उडाला असता. त्या हसल्या नाहीत. "वेगळी नोंद करू," एवढंच म्हणाल्या.

यंत्राने वर्ध्याहून आणलेल्या दोन बाटल्यांचे आकडे दिले. सारखे. तिसरीच्या वेळी मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर गुलमोहराखाली दोन मुलं लॅपटॉप उघडून वाद घालत होती. कागद सरकल्याचा आवाज आला.

"किंचित कमी," वैद्य बाई म्हणाल्या. "पण चालतो तेवढा फरक. जुळलं. कुणाच्या हातचं हे?"

"मराठीच्या निवृत्त शिक्षकांच्या."

त्यांनी शाईच्या पेनाने कागदावर लिहिलं, 'तिसरा नमुना घरगुती स्वयंपाकघरात, अन्य व्यक्तीने तयार केलेला.' सही केली आणि मग मात्र हसल्या. "आता 'जमलं' म्हणा." मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

निघताना काकांनी रवी कागदात बांधून दिली. "तुमच्या यंत्रसामग्रीत राहू द्या. घरात आता ताक पिवळं होतं."

वर्ध्याला पोहोचल्यावर घरीही न जाता मी कॉलेजात गेले. प्राचार्यांनी कागद वरून खाली, खालून वर वाचला. प्रवासभर मी त्यांच्या प्रत्येक शंकेचं उत्तर मनात तयार केलं होतं. त्यांनी नेमकं वेगळंच विचारलं.

"मॅडम, हे जर स्वयंपाकघरात होतं, तर तुम्हाला खोली कशाला हवी?"

 चार वर्षं मी हेच तर सिद्ध करत होते, की याला मोठी जागा लागत नाही, धुराडं लागत नाही, कुणाच्याही घरात होतं. मग मला ओट्यावरची उघडी बाटली आठवली.

"सर," मी म्हणाले, "स्वयंपाकघरात होतं हो. पण स्वयंपाकघरात ते टिकत नाही. एक बाटली पोळीबरोबर गेली. मला खोली नको, तिचं कुलूप हवंय."

प्राचार्य बराच वेळ हसत होते. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मागच्या खोलीची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली.