सही करून सटकायची रीत

मित्रांनो, आज धाराशिवला आम्हा नोकरदार इंजिनिअरांचं प्रशिक्षण होतं. हजेरीवर सही, चहा, मग हळूच सटकायचं, ही आमची रीत. एरवी व्यासपीठावरून ‘आयुष्यभर शिका’ म्हणून गरजणारा मी, पण आज मीसुद्धा बॅग उचलली होती.

तेवढ्यात पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे कुलकर्णी साहेब उठले. "काळ्या मातीत पाया किती खोल घ्यायचा, हे मी अंदाजानंच ठरवतो. उद्या बेंबळी गावात पाण्याच्या टाकीच्या पायाचं काँक्रीट आहे. चुकतंय का माझं?"

"चुकतंय सर," शिकवणारी तरुण मुलगी म्हणाली. "आधी माती तपासा."

साहेबांनी तिथूनच फोन लावून काम थांबवलं.

मागून एकजण हसला. "साहेब, जाता जाता कशाला शिकताय?"

"मी जाणार हाय बाबा, टाकी न्हाय."

मी बॅग खाली ठेवली आणि शेवटपर्यंत बसलो. लई बरं वाटलं.

‘माझं चुकतंय का?’ असं तुम्ही चारचौघांत शेवटचं कधी विचारलंत?