निमकर काकांनी न वाचलेला हंगाम

डॉ. श्रीधरराव निमकर यांची आणि माझी पहिली भेट एका रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. २००१ सालचा ऑगस्ट होता. मिनेसोटातल्या या लहानशा कॉलेजच्या गावात गणित शिकवायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. सकाळी चालता चालता रामरक्षा म्हणायची माझी गावापासूनची सवय. त्या दिवशी धुके इतके दाट होते की स्टेडियमचे फाटक उघडे आहे एवढेच काय ते दिसले, आणि मी आत शिरलो. मैदानाच्या मध्यावर एक उंच गृहस्थ गुडघे टेकून बसले होते. त्यांच्याभोवती हिरवळीवर काहीतरी पांढरे पांढरे मांडलेले होते. ओळीत नव्हे, कसेही, दूर दूर. कोणी पिंड मांडून बसले आहे असे मला क्षणभर वाटले, आणि तोंडून "अरे देवा" निघून गेले.

"मराठी का?" धुक्यातून आवाज आला. "मग आहात तिथेच उभे राहा. एक पाऊल पुढे टाकलंत तर आमच्या क्वार्टरबॅकचा डावा पाय जाईल."

त्यांनी हाताने दाखवले तसा मी कडेकडेने जवळ गेलो. ते दह्याचे रिकामे डबे होते, उपडे घातलेले. प्रत्येक डब्याखाली खिळ्यांच्या बुटाचा एकेक ठसा जपून ठेवला होता. माझ्या लहानपणी गावात गुरे चोरीला गेली की माग काढणारे म्हातारे पहिल्या पावलावर अशीच पाटी उपडी घालत. मी हे सांगितले तेव्हा ते मनापासून हसले.

"चला, तुम्हाला तरी समजावून सांगायला नको. इथल्या लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला दही फार आवडतं."

निमकर काका मृदाशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्तीनंतरही मैदानाच्या हिरवळीची देखभाल कॉलेजने त्यांच्याकडेच ठेवली. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव सुरू झाला की खेळाडू गेल्यावर ते मैदानात उतरतात. कोणाचे पाऊल कुठे रुतले, कोणी टाचेवर भार दिला, कोण वळताना कचरतो, हे ते मातीवरून पाहतात. आणि मग गणपतीत, आरतीनंतर, आपल्या इथल्या मराठी मंडळापुढे येत्या हंगामाचे भाकीत सांगतात. 'भाकीत' हा शब्द त्यांना आवडत नाही. ते 'वाचन' म्हणतात.

यंदा काकांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त मंडळाचा हा गौरव अंक निघत आहे. पण मला भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : काकांनी रोहनचे काय वाचले? रोहन खेळणार की नाही? काकांचा गौरव करायचा तर हे टाळून चालणार नाही. मी त्या सकाळी तिथे होतो, म्हणून जे पाहिले ते लिहितो.

आधी वाचनाविषयी. काकांच्या घरच्या गणपतीला दूरच्या ईडन प्रेरी गावापासून गाड्या येतात. मागच्या अंगणात घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या जातात. पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा वातावरण अगदी थट्टामस्करीचे होते.

"काका, यंदा जिंकणार की नाही तेवढं सांगा यार, गवताचं पुराण नको."

"गवताचंच पुराण आहे. ऐकणार नाही त्याला मोदक नाही."

"मालतीकाकू, बघा हो, काका ब्लॅकमेल करतात!" कोणीतरी काकांच्या पत्नीकडे तक्रार केली.

मग काका उभे राहिले. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, ऑक्टोबरपासून उजवीकडे वळायचे टाळेल, असे त्यांनी सांगितले. पाऊस पडून गेल्यावरचा सामना आपण जिंकू, पण कोरड्या मैदानावरचा हरू. बचावातला अमुक मुलगा हंगाम पुरा करणार नाही. सगळे हसत होते. ऑक्टोबर आला आणि क्वार्टरबॅक उजवीकडे वळेनासा झाला. पाऊस पडला, आपण जिंकलो. बचावातला मुलगा शेवटच्या सामन्यांना बाकावर कुबड्या घेऊन बसला होता.

हे एकदा झाले असते तर योगायोग म्हटला असता. दरवर्षी होऊ लागले तशी त्या अंगणातली थट्टा कमी होत गेली. काका बोलायला उठले की आया मुलांना जवळ ओढून घेत. कोणी मोदक मागत नसे. आरतीचा धूर अजून हवेत असे, आणि एक माणूस अगदी साध्या आवाजात, भाजीचे भाव सांगावेत तसा, पुढच्या तीन महिन्यांत कोणाचे काय होणार हे सांगत असे.

एकदा बर्फ साफ करता करता काका मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही देवाचं करता म्हणून तुम्हाला विचारतो. होणार असतं म्हणून मी सांगतो, की मी सांगतो म्हणून होतं?" उत्तरासाठी ते थांबले नाहीत, फावडे चालवत राहिले.

हा माणूस मनाने कसा आहे हे ज्यांना फक्त त्यांचे वाचन ठाऊक आहे त्यांना कळणार नाही. माझी आई गेली तेव्हा जानेवारी होता. व्हिसाच्या कामामुळे मला गावी जाता आले नाही. नदीवर जाऊन तर्पण तरी करावे म्हटले तर नदी गोठलेली. काकांना मी काही बोललो नव्हतो. दहाव्या दिवशी ते दारात उभे. गाडीत मातीचे नमुने काढायचे लांब गिरमिट. नदीवर त्यांनी स्वतः बर्फाला भोक पाडले. खाली काळे पाणी वाहत होते, बर्फाखालून त्याचा आवाज येत होता. मी तीळ सोडले. काका टोपी काढून, पाठ करून उभे राहिले. परतताना एकच म्हणाले, "पाणी तिकडचंच. फक्त लांबून येतं."

आता रोहन. ईडन प्रेरीच्या अविनाश आणि वैशाली यांचा हा मुलगा. अविनाश मूळचे नागपूरचे, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. रोहन लहानपणापासून सॉकर खेळला, त्यामुळे कॉलेजात तो किकर झाला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. ठरावीक क्षणी मैदानात येऊन तो खांबांमधून पायाने मारणारा खेळाडू म्हणजे किकर. २००६ मध्ये ती जागा रोहनला मिळाली. आपल्यातला मुलगा संघात, म्हणून त्या वर्षी गणपतीला अंगणात उभे राहायला जागा नव्हती.

काकांनी वाचन केले. एकेका खेळाडूचे नाव घेतले. आणि शेवटी "गणपती बाप्पा मोरया" म्हणून खाली बसले. रोहनचे नाव आलेच नाही.

वैशाली हसत म्हणाल्या, "काका, आमचा हिरो राहिला की!"

"त्याचं नंतर सांगतो," काका म्हणाले.

"नंतर म्हणजे? सगळ्यांसमोर सांगा ना."

"नंतर, वैशाली."

त्या हसू तसेच चेहऱ्यावर ठेवून उभ्या राहिल्या. ते हसू मी विसरू शकलेलो नाही.

दुसऱ्या सकाळी काकांनी त्या तिघांना मैदानावर नेले. मलाही बोलावले. रोहन उजव्या पायाने चेंडू मारतो. त्यासाठी डावा पाय जमिनीत घट्ट रोवावा लागतो. काकांनी एकेक डबा उचलत नेला. डाव्या पावलाचा ठसा दिवसागणिक उथळ होत गेला होता. शेवटच्या डब्याखाली ठशाच्या पुढे गवतावर एक बारीक ओरखडा होता. चवडा उचलला जात नव्हता, फरफटत होता. मुलाला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

"आय फील फाइन," रोहन म्हणाला. "काका, इट्स माय सीझन. तुम्ही गवत बघून मला बसवणार?"

"मी बसवत नाही. डॉक्टरांना पाठ दाखव."

संघाच्या डॉक्टरांना काही आढळले नाही. मंडळात कुजबुज झाली की काका आता पोरांवरही करणी करायला लागले. काकांनी ऐकून घेतले, पण अविनाशना रोज फोन करायचे सोडले नाही. अखेर मोठ्या रुग्णालयात पाठीचा एमआरआय झाला. मणक्याच्या आत, नसांना दाबणारी एक गाठ होती. साधी होती, काढता येण्याजोगी होती. पण मैदानात एखादी जोराची धडक बसली असती तर मुलगा पुन्हा चालला नसता, असे शल्यविशारदांनी सांगितले.

गाठ निघाली. त्या हिवाळ्यात काका आठवड्यातून दोनदा गाडी चालवत रोहनकडे जात. त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या लांब मार्गिकेत चालत. फरशीवर ठसे उमटत नाहीत म्हणून तिथे बरे वाटते, असे त्यांनी मला एकदा सांगितले.

यानंतर आपण सर्वांनी काकांशी कसे वागायला सुरुवात केली, हे या अंकात नम्रपणे नोंदवतो. काहींनी त्यांना ग्रीन कार्ड कधी मिळेल ते विचारले. ("हिरवं असलं तरी त्याला मुळं नसतात," काका म्हणाले.) पण बाकीचे त्यांच्यासमोर गवतावरून चालेनासे झाले. गेल्या वर्षीच्या सहलीत मी हे पाहिले. काका झाडाखाली बसले होते, आणि आपली सगळी मंडळी, हातात बटाटेवड्यांच्या ताटल्या घेऊन, पार्किंगच्या डांबरावर उन्हात दाटीने उभी होती. एक लहान मुलगी काकांकडे धावली तर तिच्या वडिलांनी तिला अर्ध्यातून उचलून घेतले. काकांनी हे पाहिले आणि आपली खुर्ची हळूच दुसऱ्या दिशेला वळवली.

यंदा रोहनचे कॉलेजचे शेवटचे वर्ष. शल्यविशारद, संघाचे डॉक्टर, कोच, सगळ्यांनी खेळायला परवानगी दिली आहे. वैशालींनी मात्र आपली अट घातली : काका हो म्हणाले तरच. अविनाशनी समजावले, रोहन चिडला, पण त्या हलल्या नाहीत. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्या रोहनला घेऊन मैदानावर आल्या. काकांबरोबर मी होतो. धुके होते. वरच्या रांगा दिसत नव्हत्या, त्यामुळे तिथे कोणीतरी बसले असावे असे सारखे वाटत होते.

रोहनने चेंडू मारायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी थड असा आवाज येई, चेंडू धुक्यात नाहीसा होई, आणि बऱ्याच वेळाने कुठेतरी पडल्याचे ऐकू येई. तो थांबला. आम्ही सगळे काकांकडे पाहू लागलो. काका सावकाश चालत त्या जागेकडे गेले. तिच्या थोडे अलीकडे थांबले. हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून उभे राहिले.

"काका," वैशालींनी विचारले. "काय दिसतंय?"

काकांनी वळून मैदानाच्या माणसाला हाक मारली आणि फवारे सोडायला सांगितले. जमिनीतून एकदम सगळीकडे पाणी उसळले. आम्ही चौघेही भिजलो. रोहनच्या पावलांच्या जागी पाणी साचले, गवत लोळले आणि पुन्हा उभे राहिले.

"वाचायचं होतं ते डॉक्टरांनी वाचलंय," काका म्हणाले. "मागच्या वेळी कोणाला दिसत नव्हतं म्हणून मी बोललो. आता सगळ्यांनी पाहिलंय. माझा शब्द कशाला हवा?"

"पण तुम्ही आत्ता पाहिलंत ना? खरं सांगा."

"वैशाली, उद्या मी नसलो तर याला पाऊल टाकायला कोणाला विचारशील?"

वैशालींच्या केसांतून पाणी निथळत होते. रोहन चेंडू काखेत धरून उभा होता. फवारे बंद झाले, आणि गवतातून पाणी मुरताना ऐकू येऊ लागले.

"खेळ," वैशाली म्हणाल्या. मग स्वतःलाच पुन्हा ऐकवावे तसे म्हणाल्या, "जा, खेळ तू."

तेव्हा जे मला विचारतात त्यांना हे उत्तर : रोहन खेळणार आहे, आणि काकांनी काहीही वाचलेले नाही. थांबले त्या वेळात त्यांना काही दिसले का, हे मी त्यांना विचारलेले नाही, विचारणारही नाही. यंदा गणपतीत आरती होईल, मोदक मिळतील, वाचन होणार नाही.

परवा काकांचा फोन आला. इतकी वर्षे हिरवळ राखूनही त्यांनी संघाचा एकही सामना पाहिलेला नाही, हे मला त्या फोनवरच कळले. सामना सुरू झाला की ते घरी बसत. ओरडा कानावर आला की काय झाले ते त्यांना ठाऊक असे. म्हणाले, "मास्तर, पहिल्या सामन्याला माझ्यासाठी तुमच्या शेजारी जागा धरा. आणि नियम सांगत बसू नका. मला ओरडायचंय."

मी जागा धरली आहे. रोज सकाळी रामरक्षा संपली की मी रोहनसाठी हात जोडतो, आणि त्यापाठोपाठ काकांसाठी. परमेश्वराने त्यांना उदंड आयुष्य द्यावे, गुडघे धड ठेवावेत, घसा शाबूत ठेवावा. आणि पुढचे अनेक हंगाम त्यांना, आम्हा सर्वांसारखेच, काय होणार हे मुळीच ठाऊक नसताना पाहायला मिळावेत.