मालकाच्या खुर्चीतली दुपार

लोणावळ्यात गाड्या थांबतात, लोक उतरतात, चिक्कीचा तुकडा तोंडात टाकून बघतात, किलोभर बांधून घेतात आणि निघून जातात. ती चिक्की पुड्यात कोण भरतं, हे काही कुणी विचारत नाही. भरते जवळच्या कुरवंडे गावची मुक्ताबाई आणि तिच्यासारख्या सात-आठ जणी. कारखान्याचं नाव लिहून त्याची फुकटात जाहिरात कशाला करायची?

पॅकिंगच्या खोलीत बाया फरशीवर पोत्याची घडी टाकून रांगेने बसतात. मागे भिंत आहे, पण तिला खोक्यांची थप्पी लावलेली. म्हणजे खोक्यांना टेकायला जागा, बायांना नाही. चिक्की उचलायची, पिशवीत सारायची, पिशवीचं तोंड मशीनवर दाबायचं, पुढे ढकलायची. दुपारचा डबा खाऊन झाला की कंबर बोलायला लागते आणि डोकं घरी पळतं. पोराला काम लागेना, सुनेचं माहेरी जायचं टुमणं, नवऱ्याचा खोकला.

मुक्ताबाईने यावर आपला एक उपाय काढला होता. हाताला काम पाठ झालं की मन मोकळं होतं. मोकळं सोडलं की ते घरी जाऊन तिथली कटकट उचलून आणतं. म्हणून ती त्याला घराच्या उलट्या रस्त्यालाच लावून द्यायची. एकदा शेजारच्या माधवीने तिला हसताना पकडलं.

"एकटीच काय हसतीस गं?"

"पवनेच्या धरणावर गेलते. होडीत बसले व्हते."

"आन् आमाला न्हाई न्ह्यायचं व्हय?"

तेव्हापासून रांगेत 'फिरती' सुरू झाली. डबे धुऊन झाले की कुणीतरी विचारायचं, "मावशे, आज कुटं?" मग मुक्ताबाई जीप काढायची. जीप म्हणजे तोंडातली. हात इकडे पुडे भरत राहायचे, जीप तिकडे उर्सेच्या टोलनाक्यावरून न थांबता सुसाट जायची. कधी नागफणीच्या कड्याच्या टोकावर पाट मांडून सगळ्यांना जेवायला बसवायची. वाढायला कोण? तर एकेकीची सासू. बाया मान खाली घालून हसायच्या. नियम दोनच होते. जी रांगेत, ती जीपमध्ये. आणि फिरतीतलं फिरतीतच राहायचं.

वासंतीही याच रांगेतली. लोणावळ्यातच राहणारी, शिकलेली. नवऱ्याचं दुकान बसलं म्हणून पुडे भरायला आलेली. पहिल्या दिवशी ती पोत्यावर बसून मुसमुसत होती. तेव्हा मुक्ताबाईने तिला जीपमध्ये पुढची जागा दिली. "खिडकीपाशी बस. वारं लागू दे तोंडाला."

पुढे मालकाने वासंतीला सुपरवायझर केलं. ती आता रांगेच्या मागे उभी राहू लागली. माधवीने मुक्ताबाईला कोपराने डिवचलं. "आता जीप बंद कर. बाई मालकाची झाली."

मुक्ताबाई भडकली. "मानूस हुबं ऱ्हायलं म्हून परकं व्हतं का? तिची जागा तिलाच ऱ्हायील!"

हीच तिची चूक. रांगेतल्या बाईला जीपमधून उतरवायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक होतं. वासंती रांगेतून कधीच उठली होती, हे तिने ध्यानातच घेतलं नाही.

पाठ टेकायला खुर्च्या मागायच्या, असं बायांनी ठरवलं, त्याच सुमाराला एका दुपारी जीप मालकाच्या बंगल्यावर गेली. बाया त्याच्या गुबगुबीत खुर्च्यांत पाय वर घेऊन बसल्या. मालक फरशीवर पोत्याच्या घडीवर.

"ओ शेट, भरा की पुडं! हात चालवा!" मुक्ताबाई म्हणाली. "कंबर दुखती? मंग आमची काय रबराची हाय?"

रांग खदखदून हसली. मागे उभी असलेली वासंतीही हसली. त्या दुपारी कुणाचीच कंबर दुखली नाही.

त्याच आठवड्यात खुर्च्या मागायला बाया मालकासमोर उभ्या राहिल्या. मुक्ताबाई पुढे होती. तिचं बोलणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मोबाईल टेबलावर ठेवून बोट लावलं. त्यातून मुक्ताबाईचा आवाज आला, "ओ शेट, भरा की पुडं!" पाठोपाठ सगळ्यांचं हसणं.

बायांच्या माना खाली गेल्या. मालक मात्र रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो मजेत म्हणाला, "माझ्या खुर्चीत बसून आलात की! आता आणखी खुर्च्या कशाला? आणि कामाचा एवढा ताण असता, तर असं हिंडायला सुचलं असतं का तुम्हाला?"

ज्या गोष्टीवर बाया दिवस काढत होत्या, तिचाच त्याने त्यांच्याविरुद्ध पुरावा केला. खुर्च्या मिळाल्या नाहीत. मुक्ताबाईला रांगेतून उठवून कढईवर पाठवलं. तिथे गुळाचा पाक, भट्टीचा जाळ आणि भोंग्यासारखा पंखा. बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. पॅकिंगच्या खोलीत स्पीकर बसवला. दिवसभर गाणी, मध्ये मध्ये जाहिराती.

त्या दुपारी मोबाईल धरायला मोकळे हात एकटीचेच होते. मुक्ताबाईने वासंतीला नळापाशी गाठलं.

"मावशी, शपथेवर सांगते, मी माझ्यासाठीच मोबाईलवर भरून घेतलं होतं," वासंती म्हणाली. "घरी झोप लागत नाही मला. तुमचा आवाज ऐकला की जरा बरं वाटतं. साहेबांनी मागितलं, मी काय करणार?"

"मागितलं. बरं. पर तुज्यापाशी हाय, हे त्येला कुनी सांगितलं?"

वासंतीने नळ बंद केला. पुन्हा चालू केला. 

"मी तुला खिडकीपाशी बसवली व्हती गं," मुक्ताबाई म्हणाली आणि भट्टीकडे वळली.

कढईवर मन सोडायची सोयच नाही. पाकावरची नजर हलली की पाक करपतो, नाहीतर हात भाजतो. तरी जेवणाच्या सुट्टीत ती पायरीवर एकटी बसून जीप काढून बघते. पवनेची वाट धरते. होडीत पाय टाकते, आणि मागून कुणीतरी मोबाईल धरून उभं आहे असं वाटतं. ती चटकन मागे वळते. मागे कुणी नसतं. होडीही नसते.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर मालकाने आपल्या पुतणीला सुपरवायझर केलं आणि वासंतीला परत पोत्यावर बसवलं. त्या दुपारी ती डबा घेऊन पायरीपाशी आली. तोंड उतरलेलं, डोळे सुजलेले. मुक्ताबाईपासून हातभर अंतर ठेवून बसली. 

"मावशी," वासंती हळूच म्हणाली, "आज कुठं?"

मुक्ताबाईने डब्याचं झाकण लावलं. हाताला गूळ चिकटला होता, तो पदराला पुसला.

"हितंच," ती म्हणाली. "मी आता कुटं जात न्हाई."